शेवाळाचं वाण

हसायचं असेल तर शेवटी हसा. मधेच हसलात तर मी सांगायची थांबेन, मग बसा चहा फुंकत. कारण मी जो घोळ घातलाय ना, तसा घोळ घालायलाही अंगात काहीतरी असावं लागतं. ऐऱ्यागैऱ्या बाईचं काम नाही ते!

तर आधी टाकीचं सांगते. आमच्या हॉलमध्ये समुद्र आहे. अहो, खोटं नाही सांगत. घणसोली गावात सासऱ्यांच्या जुन्या घराच्या जागी आम्ही बिल्डिंग बांधली. खालच्या माळ्यांवर भाडेकरू, वरच्या माळ्यावर आम्ही, आणि वरच्या हॉलमध्ये जवळजवळ भिंतीएवढी काचेची टाकी. खाऱ्या पाण्याची. आत खडक, खडकांवर पोवळी, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे आणि एक पिवळाधमक मासा, जो स्वतःला बिल्डिंगचा मालक समजतो. पोवळं म्हटल्यावर अंगठीतला खडा आठवला ना? तो नव्हे हो! ही जिवंत असतात. दिवा लागला की फुलतात, धक्का लागला की मिटतात. लाजाळूपेक्षा जास्त नखरे.

नवऱ्याचं पावणे एमआयडीसीत वर्कशॉप आहे. टाकीचं लोखंडी स्टँड त्यानेच करून दिलं. बाकी सगळं माझं. मीठ मोजून पाणी बनवणं माझं, पाण्याची तपासणी माझी, माशांचं आजारपण माझं. ज्या घराने पिढ्यान्पिढ्या खाडीचे मासे फक्त कालवणात पाहिले, त्या घरात माशांना जेवायला घालणारी पहिली सून मी! अभिमान वाटतो मला याचा, आणि मी तो लपवतही नाही.

सासूबाईंना मात्र ते अजून पटलेलं नाही. टाकी भरली त्या दिवशी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मासा हाय त खावाचा नाय, मंग ठेवलास कशाला गो?"

आता यात दळवीसर कुठून आले ते ऐका. आम्हा समुद्री टाकीवाल्यांचा एक ग्रुप आहे, मुंबई-ठाण्यापासून पनवेलपर्यंतची माणसं आहेत त्यात. दळवीसर त्यातले सगळ्यात जुने आणि सगळ्यात कडक. चेंबूरला राहतात, बँकेतून रिटायर झालेत. त्यांच्या टाकीत एक जांभळं पोवळं आहे, निळ्या टोकांचं. फोटो पाहिला आणि माझी झोप उडाली. सर त्याची फांदी विकत नाहीत, देतात. पण देतात ती मुलगी दिल्यासारखी! आधी स्वतः येऊन घर बघणार, पाणी तपासणार, कानाकोपऱ्यात बॅटरी मारणार. आणि टाकीत शेवाळाचा एक केस जरी दिसला तर डबा बंद करून चहा न घेता परत.

मला ती फांदी हवी होती. बस्स. कुणाला पैठणी हवी असते, कुणाला सोन्याच्या पाटल्या, मला निळ्या टोकांचं पोवळं.

डिसेंबरात मी सरांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, शेवाळाचा त्रास?"

"माझ्या टाकीत? छे हो सर! शेवाळ म्हणजे काय असतं ते फोटोतच पाहिलंय मी."

"उत्तम. संक्रांतीची गडबड उरकली की येतो एकदा."

हे बोलताना मी टाकीकडे पाठ करून उभी होते. का? कारण टाकीकडे तोंड करून इतकं खोटं बोलवलं नसतं. मागे माझ्या टाकीत जंगल माजलं होतं, जंगल! प्रत्येक खडकावर हिरवे केस, वितभर लांब. पाण्याच्या झोताबरोबर डुलत होते. पोवळी त्यांच्याखाली गुदमरून मिटून बसलेली. पिवळा मासा त्यातून वाट काढत असा फिरायचा जसा काही शेतात हरवलाय.

झालं काय होतं, आमचं पाणी शुद्ध करायचं मशीन बिघडलं. म्हटलं काय होतंय, थोडे दिवस बोअरवेलचं पाणी घालू. आता आमच्या बोअरवेलच्या पाण्यात काय आहे ते देव जाणे. गच्चीवरच्या जास्वंदीला त्याने ताटाएवढी फुलं येतात. तसंच शेवाळालाही मानवलं. त्यात माझा हात सढळ. मासा काचेपाशी आला की मला वाटायचं, भुकेला असेल. आगरी घरातली सून मी, समोरच्याला दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय चैन पडत नाही. उरलेलं अन्न खाली कुजायचं आणि शेवाळाला खत मिळायचं.

उपाय केले नाहीत असं समजू नका. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणल्या, त्या शेवाळ सोडून काचेवर चढून हॉलमधला टीव्ही बघत बसल्या. दिवे कमी केले. नवऱ्याच्या टूथब्रशने खडक घासले, तर तुटलेले केस पाण्यात उडून नव्या जागी रुजले. नवऱ्याने मात्र आठवडाभर तोच ब्रश वापरला. आता तुमच्याकडून कळलं तरच त्याला कळेल!

आणि संक्रांत आली.

आमच्याकडचं हळदीकुंकू मोठं असतं. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका, शेजारच्या गल्लीतल्या, नवऱ्याच्या चुलत घरातल्या, दिवसभर रीघ. हॉल सजवला, तिळगूळ झाला, वाणाला चहाच्या गाळण्या आणल्या. राहिली टाकी. ती मी डबल बेडच्या चादरीने नखशिखान्त झाकून टाकली. म्हटलं, लोकांनी विचारलं तर मासे झोपलेत म्हणून सांगू.

पहिल्या बायका यायला आणि सासूबाई हॉलमध्ये यायला एकच गाठ पडली.

"काय गो ह्या? आत मयत ठेवलाय काय? सनासुदीला चादर कशाला घातलीस?"

आणि मी "आई, आई, नको" म्हणेपर्यंत चादर खाली!

समोर हिरवागार समुद्र डुलतोय. म्हटलं संपलं, उद्या गावभर होणार, मालकीणबाईंच्या टाकीला बुरशी लागली.

तेवढ्यात दुसऱ्या माळ्यावरच्या पाटणकर वहिनी पुढे झाल्या. या आमच्या सगळ्यात जुन्या भाडेकरू. बिल्डिंगमध्ये कुणाला काय आवडावं हे त्याच ठरवतात. त्यांनी काचेला नाक लावलं.

"अगंबाई! किती सुंदर हो ही हिरवळ! मखमल नुसती. मुद्दाम लावलीत?"

मुद्दाम! मला सांगा, बुडणाऱ्या माणसाला कुणी एवढा जाडजूड दोर टाकला तर तो काय करेल? तपासत बसेल का?

"हो तर," मी म्हटलं. "मुद्दामच."

"नाव काय हिचं?"

आता नावही हवं! मी क्षणभर हळदीच्या करंड्याकडे बघितलं, देव्हाऱ्याकडे बघितलं, आणि तोंडातून निघून गेलं, "समुद्रदूर्वा."

"अय्या!" मागून चार-पाच आवाज आले.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण माणसं तोंडाकडे बघत असली की मला थांबता येत नाही, हा माझा स्वभाव. मी म्हटलं, "फार दुर्मिळ असते बरं का. सगळ्यांच्या टाकीत लागत नाही. घरात वाद असतील तर लगेच जळते."

नवरा आतल्या खोलीत खोकला. मी लक्ष दिलं नाही.

"मालकीणबाई, मला थोडी द्याल?" पाटणकर वहिनींनी विचारलं. "खिडकीत ठेवीन बाटलीत."

मी म्हटलं, घ्या की! माझ्या टाकीतून चिमूटभर शेवाळ कुणी मागून नेतंय, मला आणखी काय हवं? मी पदर खोचला, हात घातला, खडकावरून मूठभर उपटलं आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकीच्या पाण्यासकट भरून दिलं. वहिनींनी बरणी अशी छातीशी धरली की बाकीच्यांचे चेहरे उतरले. आणि सासूबाई कडाडल्या,

"एकीला दिलास त सगल्यांना द्यावा लागल! वान हाय त्ये. वानान दुजाभाव चालत नाय!"

खरंच आहे ते. वाण सगळ्यांना सारखं द्यायचं असतं, एकीला जास्त नि एकीला कमी असं केलं तर वर्षभर त्याची चर्चा होते. झालं! गाळण्या बाजूला राहिल्या. लोणच्याच्या बरण्या, जामच्या बाटल्या, कॉफीचे डबे, जे हाताला लागेल ते. मी उपटतेय, भरतेय, झाकणावर हळदीकुंकवाचं बोट लावतेय, सासूबाई पुढे सरकवतायत. बायका रांग लावून उभ्या. गळ्यात हार घालायचा तेवढा बाकी होता माझ्या.

लाज वाटली का म्हणून विचारताय? खरं सांगू? अजिबात नाही. छाती फुगली होती नुसती.

दुसऱ्या दिवसापासून जास्त मजा. शेजारच्या गल्लीत बातमी गेली. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतंच, त्यामुळे रोज कुणी ना कुणी यायचं, तिळगूळ घ्यायचं आणि हळूच पिशवीतून स्वतःची बरणी काढायचं. "थोडी दूर्वा मिळेल का?" मी आढेवेढे घ्यायचे, "आता कमी राहिलीय हो," असं म्हणायचे, आणि द्यायचे. दर बरणीबरोबर टाकीतलं जुनं पाणी जायचं. तोवर मशीनही दुरुस्त झालं होतं, मी ताज्या शुद्ध पाण्यात मीठ घालून भरत राहायचे. माशांना खायला घालायला तर वेळच मिळेना!

आणि एका सकाळी दिवे लागले, मी पाहिलं, तर खडक दिसला. स्वच्छ. जांभळट, गुलाबी, जसा असायला हवा तसा. पोवळी फुलली होती. महिनोन्महिने मिटलेलं एक पोवळं हाताच्या पंजाएवढं उघडलं होतं. हातात चहाचा कप घेऊन मी एकटीच समोर उभी राहिले आणि मला रडू आलं. गोगलगायींना जमलं नाही, टूथब्रशला जमलं नाही, ते घणसोलीच्या सुवासिनींनी केलं!

मी लगेच सरांना फोन केला. म्हटलं, कधी येताय?

सर रविवारी दुपारी आले. हातात थर्मोकोलचा डबा. माझी नजर डब्यावरून हलेना. मी त्यांना मुद्दाम लिफ्टने वर आणलं. जिन्याने आणलं असतं तर प्रत्येक खिडकीत, प्रत्येक दारापाशी हिरव्या केसांची एकेक बरणी दिसली असती ना! इतकी अक्कल मला होती. सासूबाईंनी आदल्या दिवशी खाली पाण्याच्या टाकीपाशी काय सांगून ठेवलंय, हे मात्र मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं, "उद्या मोठा साहेब येतो हाय. टाकीतल्या झाराझुरपांचा डाक्तर हाय तो."

सरांनी बॅटरी काढली. खडकांच्या फटींत मारली, मागे मारली, पंपाच्या जाळीत मारली. बाटल्यांत पाणी घेऊन थेंब टाकले, रंग बघितले. मग सर उठले, गुडघे झटकले.

"ताई, मी खूप टाक्या पाहिल्या. हिरवा केस एक नाही! कमाल आहे. कसं ठेवता हो एवढं?"

आता मला सांगा, इथे "देवाची कृपा" म्हणून गप्प बसायला काय जात होतं? पण नाही! मी पदर सावरला आणि म्हटलं, "शिस्त, सर. शेवाळ हे आळशी माणसांच्या टाकीत होतं."

सर खूश झाले. खुर्ची पुढे ओढली, डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं. आत पाण्याच्या पिशवीत ती. निळ्या टोकांची. बोटाएवढीच, पण काय सांगू तुम्हाला, नवी नवरी बघावी तशी मी बघत होते.

आणि बेल वाजली.

दारात शीतल. ही आमच्या पहिल्या माळ्यावरची, साताऱ्याकडची, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा मालवाहू जहाजावर. हातात बरणी, डोळे लाल.

"काकू, माझं वाण पिवळं पडलंय ओ!"

मी दार अर्धवट लावायला गेले. "शीतल, नंतर ये हं, पाहुणे आहेत—"

"ते डॉक्टर आलेत ना वर? त्यांनाच दाखवायचंय. आजी म्हणाल्या."

मी जिन्यात डोकावले. देवा! शीतलच्या मागे पाटणकर वहिनी, वहिनींच्या मागे गल्लीतल्या बायका, पार खालपर्यंत रांग. प्रत्येकीच्या हातात बरणी! सरकारी दवाखान्याची ओपीडी परवडली. मी दारात हात आडवा घालेपर्यंत सगळी वरात हॉलमध्ये.

"सर, हिची मुळं कुजतायत का बघा!"

"सर, मी रोज चिमूटभर हळद घालते, चालतं ना?"

"सर, माझी तर पाण्यात विरघळलीच. मी दूध घातलं होतं थोडं."

सरांनी शीतलची बरणी घेतली. चष्मा कपाळावर चढवला, बरणी उजेडात धरली. फिरवून फिरवून बघितली.

"हे कुठून आणलं?"

"काकूंनी दिलं की! समुद्रदूर्वा हाय ती."

"समुद्र काय?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे बघितलं. म्हटलं अजून वाचता येईल, काहीतरी सुचेल. "सर, ते आपलं असंच... सजावटीचं..."

आणि पाटणकर वहिनींना माझा कैवार घ्यावासा वाटला! "सर, तुम्ही संक्रांतीला यायला हवं होतं. यांच्या टाकीत इतकी गच्च होती, खडक दिसत नव्हता हो! आता बघा किती उजाड वाटतं. बिचारीने आमच्यासाठी सगळी उपटून दिली. एवढ्या मोठ्या मनाची बाई मी पाहिली नाही."

"सगळी दिली," सर म्हणाले. आणि मांडीवरच्या डब्याचं झाकण हळूच लावलं.

ते झाकण बघून माझ्या छातीत काहीतरी खटकन बंद झालं, खरंच सांगते. तरी डोकं धावत होतं. म्हणावं, ही वेगळी जात आहे. म्हणावं, पाटणकर वहिनींची नजर अधू आहे. काहीही म्हणता आलं असतं. फांदी अजून समोर होती, हातभर अंतरावर.

पण शीतलने माझा हात धरला. थंडगार हात. अगदी हळू म्हणाली, "काकू, यांचा फोन लागत न्हाई परवापासनं. जहाजावर रेंज नसती, मला ठाव हाय. पन सौभाग्याचं वाण असं सुकाय लागलं... काही वाईट तर नसतं ना?"

झालं. त्या पोरीचा चेहरा बघितला आणि माझी फांदी, माझी टाकी, माझी शिस्त, सगळं एकदम फालतू वाटायला लागलं. मी लोकांना शेवाळ वाटलं ते वाटलं, वर त्याला कुंकू लावलं होतं. ही पोरगी रात्रंदिवस त्याच्याकडे बघून जीव मुठीत धरून बसली होती.

"शीतल," मी म्हटलं, आणि माझा आवाज जरा मोठाच निघाला, "वाईटबिईट काही नाही. ते शेवाळ आहे."

सगळ्या बायकांनी आपापल्या बरणीत डोकावलं.

"समुद्रदूर्वा नाही, काही नाही. ते नाव मी बनवलं. माझ्या टाकीत घाण झाली होती, लाज वाटली म्हणून खोटं बोलले. आणि ते मरायलाच हवं गं! माझ्याकडे मरत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तुझं सुकतंय ना? तू जिंकलीस! जा, मोरीत ओत!"

"नक्की?"

"शंभर टक्के. आणि नवरा तुझा धडधाकट आहे, रेंजमध्ये आला की करेल फोन."

शीतल माझ्याकडे बघत राहिली. मग डोळे पुसले. मग हसायला लागली. मग एकदम भडकली, "आन मी रोज संध्याकाळी त्याच्यापुढं आरती म्हनत होते ओ काकू! सगळी कडवी!"

इतका वेळ थांबलेला हॉल फुटला. पाटणकर वहिनी तर मटकन सोफ्यावर बसल्या. "अहो मालकीणबाई, मी माझ्या विहीणबाईंना पाठवली हो अर्धी! पुण्याला! त्यांनी चांदीच्या भांड्यात ठेवलीय! आता त्यांना काय सांगू?"

आणि कोपऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"गो... मी त गावदेवीच्या देवलान नेऊन ठेवली. पुजारी रोज फूल वाहतो तिला."

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. तळमजल्यापर्यंत. भाडेकरूंचं नुकसान झालं तरी चालेल.

मी सरांकडे बघितलं. म्हटलं, आता हे उठणार आणि ग्रुपमधून माझं नाव काढणार. सरांचे खांदे हलत होते. आधी वाटलं रागाने थरथरतायत. मग चष्मा खाली पडला आणि कळलं, माणूस हसतोय! आवाजच निघत नव्हता, नुसते हलत होते. कुणीतरी पाणी आणून दिलं.

"ताई," बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "शेवाळ हाताने उपटायचं, जुन्या पाण्यासकट बाहेर काढायचं, शुद्ध पाणी भरायचं, आणि खायला कमी घालायचं. एवढाच उपाय आहे. मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगतोय, कुणी करत नाही. बाटलीतलं औषध हवं असतं लोकांना. तुम्ही मात्र अख्खं गाव कामाला लावलंत!"

मी मान खाली घालून उभी. पण खरं सांगते, खाली घातलेल्या मानेनेही मला बरं वाटलं.

सरांनी डबा परत उघडला. पिशवी माझ्या हातात दिली. "टाकी खरंच स्वच्छ आहे, ते काही खोटं नाही. ठेवा. फक्त एक अट. ही वाढली की कुणाला फांदी द्यायची ते आधी मला विचारायचं. आणि संक्रांतीच्या महिन्यात तर कुणालाच नाही!"

शीतलच्या नवऱ्याचा फोन आला दोन-तीन दिवसांनी, तो कुठल्यातरी बंदरात चांगला बिर्याणी खात होता. पुण्याच्या विहीणबाईंना पाटणकर वहिनींनी काय सांगितलं ते त्या अजून मला सांगत नाहीत. आणि देवळातली बरणी परत आणायला मी स्वतः गेले. पुजारी देईना! म्हणाला, वाहिलेलं परत नेत नाहीत. शेवटी देवीसमोर उभी राहून सगळं कबूल केलं, मोठ्याने, दर्शनाच्या रांगेसमोर. देवीने ऐकून घेतलं. रांगेनेही घेतलं.

आज या की बघायला! निळ्या टोकांचं पोवळं चांगलं झुडपाएवढं झालंय. दळवीसरांनी ग्रुपवर सगळा प्रकार सांगितला, वर माझ्या टाकीचा फोटो टाकला. तेव्हापासून कुणाच्याही टाकीत शेवाळ झालं आणि त्याने विचारलं, काय करू, तर बाकीचे औषध-बिवषध सांगतच नाहीत. एकच सल्ला येतो: 'हळदीकुंकू करा.' अहो, कुलाब्याचा एक पारशी गृहस्थ आहे ग्रुपमध्ये, त्याने मला फोन करून विचारलं की हळद किती घालायची! आता एवढं नाव कुणाचं होतं, सांगा बरं?

यंदाच्या संक्रांतीला मी कसलीही जोखीम घेतली नाही. वाणाला स्टीलच्या वाट्या आणल्या. चकचकीत, साध्या, रिकाम्या वाट्या. सगळ्या बायका आल्या, एकही चुकली नाही, मला फार बरं वाटलं. प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं, वाटी दिली. प्रत्येकीने वाटी हातात घेतली, उजेडात धरली, उलटी करून बघितली, आत नाक घालून वास घेतला आणि मगच पिशवीत टाकली.

पहिली वाटी सासूबाईंना दिली होती. वास घ्यायला सुरुवात त्यांनीच केली.